सगळे म्हणतात ‘मदत घे’, पण ती मागायची कोणाकडे आणि कशी?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे आणि तो मोजकेच शब्द बोलतो. सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे आणि आता त्यांना घरात एकटं ठेवता येत नाही. यजमान सकाळी बाहेर पडतात ते रात्री येतात. तुम्ही नोकरी सोडली आहे. तुम्ही लिहिलंय : ‘ज्याला सांगावं तो मदत घे म्हणतो, पण कोणाकडून ते कोणी सांगत नाही. मागितली की सल्ले मिळतात. गेल्या आठवड्यात मुलावर हात उगारला, ऐन वेळी थांबले. आता तर काही वाटेनासंच झालंय. मी वाईट आई आहे का? आणि सासूबाईंना दिवसा सांभाळणाऱ्या केंद्रात ठेवायचा विचार मनात येतो, तो स्वार्थीपणा आहे का?’

मी वैद्यकीय समाजसेविका आहे. माझी नोकरीतली बहुतेक वर्षं रुग्णांपेक्षा रुग्णांच्या घरच्यांशी बोलण्यात गेली. त्या अनुभवावरून लिहिते आहे. तुमचं घर मी पाहिलेलं नाही, त्यामुळे जिथे उत्तर परिस्थितीप्रमाणे बदलेल तिथे तसं सांगेन.

आधी ‘वाईट आई’बद्दल, कारण तो प्रश्न डोक्यात असेपर्यंत बाकीचं काही ऐकू येणार नाही. बेल्जियममधल्या मोइरा मिकोलायचाक आणि इझाबेल रॉस्कम या दोन मानसशास्त्रज्ञांनी पालकांच्या टोकाच्या थकव्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांनी त्याची चार लक्षणं सांगितली. झोपूनही न जाणारा थकवा. मुलापासून मनाने दूर जाणं, म्हणजे जेवू घालणं, आंघोळ घालणं सगळं होतं पण माया जाणवत नाही. पालकपणात काही समाधान न उरणं. आणि ‘मी अशी नव्हते’ ही बोचणी. तुमच्या पत्रात चारही आहेत. त्यांच्याच पुढाकाराने ४२ देशांतल्या पालकांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्या समाजांत ‘ज्याचं त्याने पाहावं’ अशी व्यक्तिवादी वृत्ती जास्त आहे तिथे हा थकवा जास्त आढळला. म्हणजे हा थकवा नुसता आईच्या स्वभावातून येत नाही, भोवतालचा समाज कसा आहे याचाही त्यात वाटा असतो. काही वाटेनासं होणं हे प्रेम संपल्याचं लक्षण मी कधीच मानलं नाही. मनाला जे पेलवत नाही त्यापासून ते स्वतःला असं वाचवतं. भार हलका झाला की माया परत जाणवू लागते, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

पण याच अभ्यासकांना असंही दिसलं की हा थकवा वाढत गेला की मुलांकडे दुर्लक्ष होण्याची आणि त्यांच्यावर हात पडण्याची शक्यता वाढते. म्हणून उगारलेल्या हाताला मी गंभीरपणे घेते. तुम्हाला दोष द्यायला नाही, तर पुढच्या वेळची तयारी आजच करून ठेवायला. राग चढलेला असताना कोणालाच नवं काही सुचत नाही, ठरवून ठेवलेलंच हातून होतं. तेव्हा मुलाला सुरक्षित बसवता येईल अशी एक जागा आत्ताच ठरवा : खिडकी बंद, टोकदार काही नाही, त्याच्या आवडीची एखादी वस्तू हाताशी. पारा चढतोय असं वाटलं की त्याला तिथे बसवायचं आणि दाराबाहेर चार-पाच मिनिटं उभं राहायचं. तो रडला तरी चालेल. चार-पाच मिनिटं रडल्याने त्याचं काही बिघडत नाही, रागात ओढल्या-ढकलल्याने बिघडू शकतं. आणि एक माणूस ठरवा, ज्याला नुसतं ‘आत्ता बोल’ एवढं कळवलं की तो फोन करेल, कारण विचारणार नाही. ‘सगळं सोडून कुठेतरी निघून जावं’ हा विचार थकलेल्या जवळजवळ प्रत्येक पालकाच्या मनात येऊन जातो. मात्र ‘जगूच नये’ किंवा ‘याला संपवून मी पण’ अशा वळणावर विचार गेला, तर त्याच दिवशी डॉक्टर, रुग्णालयाचा तातडीचा विभाग किंवा आत्महत्या प्रतिबंधासाठीची हेल्पलाइन गाठायची, आणि तोवर एकटं राहायचं नाही. तिथे माझ्या या लांबलचक उत्तराचा उपयोग नाही.

आता मुख्य प्रश्न. तुम्ही विचारलंय की मदत कोणाकडे मागू. तुमचं पत्र वाचून मला वाटतं की अडचण त्याच्या एक पायरी आधी आहे. तुमच्या घरात दोन माणसं अशी आहेत ज्यांना स्वतःचं दुखणं-खुपणं सांगता येत नाही, आणि त्या दोघांची सगळी माहिती एकट्या तुमच्या डोक्यात आहे. मुलगा कान झाकून घेतो तेव्हा त्याला काय हवं असतं, सासूबाई गोळी कशाबरोबर दिली की घेतात, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिलं की त्या शांत होतात. त्यामुळे कोणी मनापासून मदतीला आलं, तरी दर पाच मिनिटांनी तुम्हालाच हाक मारणार. मग तुम्ही म्हणणार, ‘राहू दे, मीच करते, लवकर होईल.’ आणि ते खरंही असतं, लवकर होतंच. तो माणूस दुसऱ्यांदा येत नाही, आणि आला तर हात लावण्याऐवजी सल्ला देतो, कारण त्याला तेवढंच करता येतं. मदत मिळत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या घरांपैकी फार घरांत मी हेच पाहिलं. माणसं असतात. त्यांना धरायला काही नसतं.

म्हणून मी मदतनीस शोधायच्या आधी दोन कामं सांगते.

पहिलं, आठवडाभर नुसतं टिपून ठेवा की दिवसातला कोणता तास तुम्हाला मोडतो. ‘सगळा दिवसच’ असं उत्तर आधी येतं, पण टिपलं की चित्र वेगळं दिसतं. बहुतेक घरांत एक किंवा दोनच तास असे असतात जिथे सगळं एकदम कोसळतं. तुमच्या घरात तो संध्याकाळचा असावा असा माझा अंदाज आहे. स्मृतिभ्रंशात दिवस मावळताना बेचैनी वाढणं फार सामान्य आहे. ‘मला घरी जायचंय’ म्हणत माणूस दाराशी उभा राहतो. त्याच वेळी मुलगा शाळेतून थकून आलेला असतो आणि गोंगाट सहन होण्याची त्याची क्षमता संपलेली असते. एकाला आवाज नको, दुसरीला सतत बोलणारं कोणीतरी हवं, आणि मधे तुम्ही एकट्या. हे खरं निघालं, तर तुम्हाला दिवसभराची मदत लागत नाही, रोज ठरलेल्या दीड तासाला एक माणूस लागतो. दिवसभराचा माणूस मिळणं कठीण असतं, दीड तासाचा मिळू शकतो.

दुसरं, डोक्यातली माहिती कागदावर आणा. दोघांचं एकेक पान, त्याहून मोठं नको, नाहीतर कोणी वाचत नाही. आजार कोणता, औषधं कोणती आणि केव्हा, कशाची ॲलर्जी आहे, काय केलं की बिनसतं, काय केलं की शांत होतं, नेहमीचं वागणं कसं आणि काळजी करावी असं वागणं कसं, कोणाला फोन करायचा. ते पान भिंतीवर लावा आणि फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. हे पान तुमच्यासाठीही आहे. उद्या तुम्हाला ताप आला तर हे घर कसं चालेल, या प्रश्नाचं उत्तर आज तुमच्या घरात कोणाकडेच नाही, आणि ती भीती तुम्ही दिवसरात्र वागवता आहात.

या दोन कामांच्या बरोबरीनेच एक गोष्ट डॉक्टरांकडून तपासून घ्या. सासूबाईंचं वागणं गेल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत एकदम बिघडलं असेल, रात्री जागणं, भास, नव्याने आलेला संताप, तर ‘आजार वाढला’ असं गृहीत धरू नका. स्मृतिभ्रंश सहसा महिन्या-वर्षांनी सरकतो. दोन-चार दिवसांत झालेल्या बिघाडामागे बहुतेक वेळा लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, शरीरातलं पाणी कमी होणं, दुखणं किंवा नव्याने सुरू झालेलं औषध असतं आणि त्यातलं बरंचसं उपचाराने सुधारतं. मुलाचंही तसंच. न बोलणारं मूल अचानक डोकं आपटायला, चावायला लागलं, तर दात, कान आणि पोट आधी पाहायचं. आधार शोधत वणवण करणाऱ्या एखाद्या घराचा निम्मा त्रास एका वेदनाशामक गोळीने किंवा पोट साफ झाल्याने कमी झालेला मी पाहिला आहे. स्वतःच्याही तपासण्या करून घ्या, निदान रक्तातलं हिमोग्लोबिन आणि थायरॉईड. आणि मुलापुरतंच नव्हे तर कशातच मन लागत नाही, झोप-भूक बिघडली आहे, असं दोन आठवड्यांहून अधिक चाललं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत. ते ‘सहनशक्ती वाढव’ म्हणून जात नाही.

आता माणसांकडे येऊ.

अमेरिकेत स्टीव्हन झॅरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची घरी काळजी घेणाऱ्यांवरचं ओझं मोजायची एक प्रश्नावली तयार केली. तिचं २२ प्रश्नांचं रूप आजही जगभर वापरतात. त्या पहिल्या, तशा छोट्याच अभ्यासात एक गोष्ट दिसली जी मी प्रत्येक कुटुंबाला सांगते. काळजी घेणाऱ्याला वाटणारं ओझं रुग्णाचं वागणं किती त्रासदायक आहे यावर ठरत नव्हतं. कुटुंबातली बाकीची माणसं रुग्णाला भेटायला किती येतात, याच्याशी त्याचा संबंध होता. जितक्या जास्त भेटी, तितकं ओझं कमी. लक्षात घ्या, भेट काळजी घेणाऱ्याची नव्हे, रुग्णाची. तुमच्या नणंदा-दिरांनी तुमच्याकडे येऊन ‘तू कशी आहेस’ विचारण्यापेक्षा आपल्या आईजवळ येऊन बसणं तुम्हाला जास्त उपयोगी आहे. त्यांनी आईचं ते रूप डोळ्यांनी पाहिलं की ‘फोनवर तर छान बोलते’ हे वाक्य आपोआप बंद होतं.

यजमानांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय : ‘सांगितलं तर करतात.’ याच वाक्यात बराच थकवा दडलेला आहे. सांगायचं म्हणजे लक्षात ठेवायचं, योग्य वेळी आठवण करायची, झालं का ते पाहायचं आणि नाही झालं तर वाईटपणा घ्यायचा. तेव्हा कामं वाटू नका, एखादी अख्खी जबाबदारी द्या. उदाहरणार्थ, आईची औषधं हे खातं पूर्ण त्यांचं. संपत आली की आणणं, आठवड्याच्या डबीत भरणं, डॉक्टरांची तारीख घेणं, बरोबर जाणं, काय बदललं ते पानावर लिहिणं, सगळं. रात्री उशिरा येणाऱ्या माणसालाही हे जमतं. पहिल्या महिन्यात एखादी चूक होईल. औषधात चूक परवडत नाही म्हणून डबी एकदा दोघांनी मिळून भरा, पण मग हात काढून घ्या. त्यांनी वेगळ्या पद्धतीने केलं तर होऊ द्या. हे सांगायला सोपं आणि करायला फार अवघड आहे, मला माहीत आहे. पण तुम्ही देखरेख करत राहिलात तर जबाबदारी तुमच्याकडेच राहते.

बाकी नातलगांसाठी एकदा सगळ्यांना एकत्र बसवा, फोनवर एकत्र बोलणं झालं तरी चालेल. न्यू यॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन आणि त्यांच्या गटाने अल्झायमरच्या (स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) रुग्णांची काळजी घेणाऱ्या नवऱ्या-बायकांसाठी एक पद्धत वापरली : समुपदेशकाबरोबर दोन बैठका एकट्याने, चार बैठका घरच्यांना घेऊन, मग आधारगट, म्हणजे अशाच परिस्थितीतल्या माणसांनी एकत्र जमून बोलणं, आणि लागेल तेव्हा फोनवर सल्ला. ज्यांना हे मिळालं त्यांच्या रुग्णांची वृद्धाश्रमासारख्या संस्थेत जाण्याची वेळ सुमारे दीड वर्षाने लांबली. ४०६ जोडीदारांचा हा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सहापैकी चार बैठका घरच्यांबरोबर होत्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मी स्वतः घेतलेल्या अशा बैठकांत सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे बैठक काळजी घेणाऱ्या बाईने स्वतः न बोलावणं. तुम्ही बोलावलंत तर ती तक्रार ठरते. यजमानांनी बोलवावं, किंवा डॉक्टर, रुग्णालयातल्या समाजसेविका, सगळे ज्यांचा मान ठेवतात असं एखादं माणूस. सुरुवात आजारपणाच्या माहितीने करावी, कोणी किती केलं या हिशोबाने नव्हे.

आणि मागणी अशी करा की समोरच्याला साधं हो किंवा नाही म्हणता येईल. ‘जरा लक्ष देत जा’ याला सगळे हो म्हणतात आणि काही होत नाही. ‘दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच ते सात आईंजवळ बसाल का, महिनाभर करून पाहू’ याला उत्तर द्यावंच लागतं. मुदत घालायला विसरू नका. कायमचं गळ्यात पडेल या भीतीने माणसं मागे सरतात, महिन्यासाठी तयार होतात, आणि जमलं की पुढेही करतात. पहिल्या दोन-तीन वेळा तुम्ही घरात थांबा, शेजारी बसून शिकवा. त्या दिवसांत तुम्ही उलट जास्त दमाल. त्यानंतर मात्र घराबाहेर पडा. दुसऱ्या खोलीत थांबलात तर हाक येतेच. आणि त्या वेळात साठलेली कामं उरकू नका. निदान त्यातला अर्धा वेळ तरी झोप, चालणं, मैत्रीण यातलं काहीतरी असू द्या. सुट्टी ठरलेली आणि नियमित असली तर मन आधीपासून तिच्या आशेवर तग धरतं. महिन्यातून अचानक मिळालेल्या एका दिवसाने तेवढं होत नाही.

जे फक्त सल्लेच देतात त्यांचाही उपयोग आहे. ज्याला माहिती काढायची हौस आहे त्याला माहितीचंच काम द्या : अपंगत्वाचा दाखला कसा मिळतो, कोणत्या सवलती आहेत, विम्यात काय बसतं, जवळपास बालविकास केंद्र किंवा दिवसाचं देखभाल केंद्र कुठे आहे, प्रतीक्षायादी किती आहे. पाच फोन करून एका कागदावर आणून द्यायचं. हे काम दूर राहणाऱ्या दिरालाही करता येतं. काही माणसं नुसती ऐकून घेणारी असतात, त्यांच्याकडून हातभाराची अपेक्षा धरू नका, त्यांच्याशी बोला. एकाच माणसाकडून सगळं हवं अशी आशा धरली की निराशा ठरलेली. आत्तापर्यंतचं एवढ्यात सांगायचं तर : मोडणारा तास शोधा, दोन पानं लिहा, अख्खी जबाबदारी द्या, मुदत घालून मागा.

इथे काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. घरात मारहाण होत असेल, धाक असेल, तर एकत्र बैठक वगैरे माझा सल्ला नाही. आधी एकटीने समुपदेशक किंवा महिलांसाठीचं मदत केंद्र गाठायचं. जोडीदार नसेल, माहेर-सासर दोन्ही तुटलेलं असेल, तर नातलगांवर वेळ न घालवता सरळ संस्था आणि पगारी मदत याकडे वळावं. पैशाची ओढाताण असेल तर दोन आजारांपैकी कशासाठी सरकारी किंवा धर्मादाय सोय मिळते ते पाहून तो भार आधी बाहेर द्यावा आणि स्वतःची शक्ती दुसऱ्यासाठी ठेवावी. कोणता भार बाहेर द्यायचा हे प्रेम कोणावर जास्त यावर ठरवायचं नसतं, कशाची सोय उपलब्ध आहे यावर ठरवायचं असतं.

तज्ज्ञांकडे गेल्यावर काय बोलावं, हेही सांगते. डॉक्टरांकडे मिळणारी दहा मिनिटं रुग्णाच्या लक्षणांत जातात आणि तुम्ही उठताना म्हणता, ‘बाकी मी बघते.’ पुढच्या वेळी पहिलं वाक्य हे असू द्या : ‘दोघांना मी एकटी सांभाळते आणि आता मला झेपत नाही, गेल्या आठवड्यात मुलावर हात उगारला.’ एवढं स्पष्ट. हे वाक्य नोंदीत गेलं की समाजसेवा विभाग, मानसोपचारतज्ज्ञ, औषधांत बदल अशा वाटा खुल्या होतात. ‘दमायला होतं’ असं म्हटलं तर तसं होत नाही, कारण तसं सगळेच म्हणतात. आणि मदत करणारा फार मोठा तज्ज्ञच हवा असं नाही. लंडनमध्ये गिल लिव्हिंग्स्टन यांच्या गटाने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी आठ सत्रांचा एक कार्यक्रम केला. ती सत्रं नुकत्याच पदवीधर झालेल्या मानसशास्त्राच्या मुलामुलींनी देखरेखीखाली घेतली, आणि तरी काळजी घेणाऱ्यांचं नैराश्य कमी झालं व तो फरक सहा वर्षांनंतरही टिकला होता. जवळच्या एखाद्या संस्थेतली नवी समुपदेशक तुम्हाला वेळ देत असेल तर ‘ही तर लहान आहे’ म्हणून नाकारू नका.

मुलासाठी, जागतिक आरोग्य संघटनेचा विकासात अडचणी असलेल्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी एक प्रशिक्षण कार्यक्रम आहे : नऊ गटसत्रं आणि तीन घरभेटी. घरातल्या रोजच्या कामांत मुलाला कसं सामील करून घ्यायचं, त्रासदायक वागण्यामागचं कारण कसं ओळखायचं, असं त्यात शिकवतात, आणि पालकांच्या स्वतःच्या मनाची काळजीही त्यात आहे. बालविकास केंद्रात विचारताना ‘मुलासाठी थेरपी आहे का’ यासोबत ‘पालकांसाठी प्रशिक्षण आहे का’ हेही विचारा. आठवड्यातून दोनदा पाऊण तास थेरपिस्टकडे नेण्यापेक्षा घरातल्या दोन माणसांना शिकवलेलं जास्त टिकतं. स्मृतिभ्रंशासाठी याच संघटनेचा ‘आयसपोर्ट’ हा काळजी घेणाऱ्यांसाठीचा कार्यक्रम आहे. तो थोडा थोडा, आपल्या वेळेने वाचता येतो. यजमानांनी प्रवासात वाचावा असं मी सुचवेन. तुमच्या यादीत आणखी एक काम नको.

आधारगट सगळ्यांना मानवतात असं नाही, पण एकदा जाऊन पाहाच. दुसऱ्या आईने ‘माझ्याही मनात तसं आलं होतं’ म्हटल्याने जे हलकं वाटतं ते माझ्यासारखी कितीही शिकलेली बाई देऊ शकत नाही. गट निवडताना मुलाचं वय आणि आजाराचा टप्पा आपल्यासारखा आहे का ते पाहा. पुढच्या टप्प्यातल्यांचं ऐकून माणूस विनाकारण घाबरतो. दोन-तीन वेळा जाऊनही घरी येताना मन जड होत असेल तर तो गट आपला नाही, दुसरा शोधा. आणि जिथे कोणी ‘ऑटिझम पूर्ण बरा करून देतो’ म्हणत काही विकत असेल, अंगातले जड धातू काढून टाकणारे उपचार, ब्लीचसारखी द्रावणं, महागडी पूरकं, तिथून त्याच दिवशी बाहेर पडा. असल्या उपचारांनी मुलांना गंभीर इजा झाल्या आहेत. थकलेले पालक हेच त्यांचं गिऱ्हाईक असतं.

राहिला शेवटचा प्रश्न, सासूबाईंना दिवसाच्या केंद्रात ठेवण्याचा. तो स्वार्थीपणा नाही. माझं मत स्पष्ट आहे : तुमच्या घरात, आत्ताच्या घडीला, हीच सगळ्यात मोठी मदत ठरू शकते. अपराधी वाटेल, ते मात्र टळणार नाही. पॉलीन बॉस या कुटुंबांना समुपदेशन करणाऱ्या अभ्यासक बाईंनी अशा दुःखाबद्दल १९७० च्या दशकापासून लिहिलं आहे, ज्यात माणूस समोर असतो आणि तरी हरवलेला असतो. त्याचा शोक करता येत नाही, कारण माणूस तर आहे. यजमान सांगितल्याशिवाय स्वतःहून काही करत नाहीत, त्यामागेही कदाचित हेच असेल. आपली आई आपल्याला ओळखत नाही हे रोज पाहणं त्यांना जड जात असेल. दोघांनी एकदा हे मोकळेपणाने बोलावं, निर्णय घ्यायच्या आधी. ‘लोक काय म्हणतील’ याचं उत्तर त्यांनी द्यायचं, आई त्यांची आहे.

केंद्र पाहायला दोनदा जा. एकदा वेळ ठरवून आणि एकदा दुपारी तीन-चारच्या सुमाराला, न कळवता. तिथली माणसं भिंतीकडे तोंड करून झोपाळलेली बसलेली आहेत की त्यांच्याशी कोणी बोलतंय, ते पाहा. एका कर्मचाऱ्यामागे किती जण, सुट्टीच्या दिवशी काय, औषधं कोण देतं, पडल्या तर काय करतात, झोपेचं औषध घरच्यांना न विचारता देतात का, हे विचारा. सुरुवात आठवड्यातून दोन अर्ध्या दिवसांनी करा. पहिल्या काही वेळा ओळखीचं माणूस तासभर बरोबर बसू द्या, आणि तुम्ही लिहिलेलं पान केंद्राला द्या. पहिले दोन-तीन आठवडे त्या रुसतील, घरी आल्यावर जास्त गोंधळतील. तेवढ्यावरून बंद करू नका. महिन्याने झोप, वजन आणि मूड पाहून ठरवा, आणि त्या दोन अर्ध्या दिवसांत तुमचा आणि मुलाचा एक तास तरी असा ठेवा ज्यात थेरपी नाही, शिकवणं नाही, नुसतं त्याच्या आवडीचं काहीतरी त्याच्याबरोबर.